चिंधीचं वांगं

चिंधीची गाठ सोडायला मोहिनीला दात लावावे लागले. सासूबाईंनी मारलेली गाठ, ती सुखासुखी सुटते होय? शेवटी सुटली, आणि परसातलं शेवटचं वांगं तोडून तिनं ओंजळीत घेतलं. ओंजळीत मावेना एवढं मोठं, आणि पिवळंधमक. म्हणजे छान पिकलंय, असं तिनं ठरवून टाकलं. धुळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोरगी ती. पिकलं म्हणजे गोड, एवढंच तिचं शास्त्र.

नशिराबादच्या या घरी येऊन तिला चार महिने झाले होते, आणि ते वांगं महिनाभर तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे बेबाबाईंनी, वांग्याची सगळी झाडं उपटली, एकच ठेवलं. त्या झाडावर एकच वांगं ठेवलं आणि त्याला लाल चिंधी बांधली. का? नवऱ्याला, नवीनला, विचारलं तर म्हणाला, "दृष्ट लागू नये म्हणून असेल." परसात काय लावलंय हे नवीनला ताटात वाढल्यावर कळायचं, पण मोहिनीला ते पटलं. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. शेजारच्या ताईबाई काकू तुमच्या सख्ख्या धाकट्या जाऊबाई असून त्यांच्याशी आपण बोलत का नाही, असं तिनं एकदा विचारलं होतं. "तुझी भाजी करपतेय बघ," एवढंच उत्तर मिळालं होतं. भाजी काही करपत नव्हती.

आणि आज तिचे आप्पा येत होते. लेकीच्या सासरी पहिल्यांदाच. सासूबाई तेराव्याला वरणगावला गेलेल्या, बाजाराचा दिवस नाही, आणि आप्पांनी तर धुळ्यात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की आमची मोहिनी आता तिकडचं अस्सल भरीत करते. मग काय करणार बिचारी?

तिनं अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगं भाजलं. साल काढली आणि पाहते तर आत नुसत्या बिया. तरी हिरवी मिरची, लसूण घालून तिनं ते ठेचलं. आप्पांनी कळण्याच्या पुरीबरोबर कचकच चावत ताटातलं सगळं संपवलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वेगळं आहे." चारच्या बसनं गेलेसुद्धा. बापच तो, आणखी काय म्हणणार?

दिवस कलताना बेबाबाई आल्या. पाय धुवायला परसात गेल्या आणि तिथंच थांबल्या. झाडाशी पडलेली चिंधी उचलून त्या मागच्या पायरीवर बसल्या. मोहिनीनं सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"बियाचं होतं ते," बेबाबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्या हातचं बी. बत्तीस वर्षं धरलं मी. दरसाल एक वांगं ठेवायचं, एवढंच." मग चिंधी बोटाला गुंडाळत, "माहेरी आता नर्सरीतली रोपं लावतात. आता कुठं मिळायचं नाही."

"कुणाला दिलं नव्हतं का?"

"वांगी बठ्ठ्या गल्लीला दिली, घरोघर. बी कुणालाच नाही."

मोहिनीचं तोंड उतरलं. पण तिच्या मनात एक गोष्ट टोचत होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं कुंपणापलीकडे पाहिलेलं, तिथंही एकच झाड, एकच पिवळं वांगं. आणि चिंधी, तीही लाल. दृष्ट दोन्ही घरांना सारखीच लागते वाटतं, असं म्हणून ती तेव्हा हसली होती. आता हसू आलं नाही. ती चप्पल न घालताच मागच्या वाटेनं निघाली. सासूबाईंनी पाहिलं, पण हाक मारली नाही.

ताईबाई अंगणात गहू पाखडत होत्या. मोहिनी आल्यापासून चार महिन्यांत तिच्या घरातून कुणी या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्यांनी मोहिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"बियाचं खाल्लं? भरीत करून?"

"हो काकू."

"कडू लागलं असेल."

"फार."

ताईबाईंना हसू आलं, पण लगेच विरलं. "मी चोरटी आहे, हे तुला कुणी सांगितलं नाही का व?"

मोहिनीनं नकारार्थी मान हलवली.

"आठ वर्षं झाली. मी बी मागितलं, तर तुझी सासू म्हणे, वांगी माग, बी मागू नको. मला राग आला. त्या साली तिनं दोन वांगी चिंधी बांधून ठेवली होती, त्यातलं एक मी सकाळी सकाळी तोडून आणलं. पुढच्या हंगामात माझ्या परसात तीच वांगी लागली, मग कुठं लपणार? तेव्हापासून तोंड बंद."

त्या उठल्या. विळ्यानं देठ कापला आणि ते पिवळं वांगं चिंधीसकट मोहिनीच्या पदरात घातलं.

"काकू, मग तुम्हाला?"

"माझं होतं कधी? सासूला सांग, तिचं तिला परत केलं."

बेबाबाईंनी ते वांगं उलटंसुलटं करून बराच वेळ पाहिलं. देठापाशी नखानं खरवडून पाहिलं. सकाळी त्यांनी ते फोडलं, बिया पाण्यात चोळून धुतल्या, राख लावून कागदावर पसरल्या. चार दिवस सावलीत वाळू दिल्या आणि मग दोन पुड्या बांधल्या. दोन कशाला, हे मोहिनीला विचारायचं होतं. या खेपेला तिनं जीभ आवरली.

पाचव्या दिवशी सकाळी बेबाबाई कुंपणापाशी गेल्या. आठ वर्षांनी त्यांनी हाक मारली, तीही जरा घोगरीच निघाली.

"ताई, एक पुडी तुझ्याकडे ठेव व. माझ्या घरात आता भरीत करणारी आली आहे."