घरचं कोणी नाही

"तलावाच्या पाळीवर मोहाचं झाड..." निर्मलाबाईनं उखाणा उचलला आणि लाजून पदर पुन्हा तोंडाशी नेला. मांडवातल्या बाया खिदळल्या. दिघोरीत तिच्या अंगणात लेकीचं, गुंजनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. सिहोऱ्याहून आलेले पाहुणे बुंदी खात बसले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, आणि उखाणाही दहा जणींनी धरून बसवल्यावरच.

तेवढ्यात शेजारची ताराबाई धापा टाकत मांडवात शिरली.

"सुटला वो बाई, माहा योगेंद्र सुटला! सरहद्दीच्या पार आला. आत्ताच फोन होता. उद्या विमानात बसवतेत म्हणे!" निर्मलाबाईच्या गळ्यात पडून ती रडायलाच लागली.

योगेंद्र आणि निर्मलाबाईचा निकेश, दोघे एकाच दिवशी इस्रायलला फरशा बसवायच्या कामावर गेले होते. तिथं लढाई पेटली होती, आणि सरकार आपल्या माणसांना बसमध्ये घालून सरहद्दीपार काढत होतं. निकेशचा फोन तीन दिवसांपासून बंद होता.

"अन् माहा निकेश?"

ताराबाई चुळबुळली. "तो दुसऱ्या गावी कामावर हाय ना. सरकारची माणसं यादी घेऊन जागेवर जातेत, नाव पुकारतेत अन् गाडीत बसवतेत. योगेंद्रनं विचारलं त्यायले. निकेशचं नाव यादीतच नाई म्हणे. इथून गेलंच नाई."

"काहून नाई? यायनं मंगळवारी ग्रामसेवकाले लिहून देलं ना!"

निर्मलाबाई नवऱ्याकडं वळली. कृष्णराव पानाचं तबक उगाच सरळ करत होते.

"अवो, नाव देलं होतं ना तुमी?"

"हळू बोल. सोयरे बसले हायेत."

"देलं होतं का नाई?"

झालं असं होतं. मंगळवारी ग्रामसेवक परदेशी गेलेल्यांची नावं लिहायचा कागद घेऊन आला, तेव्हा नवरदेवाचे वडील वासुदेवराव तारीख काढायला इथंच खाटेवर बसले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले होते, "घरात काई बरंवाईट व्हायसारखं असन तर आताच सांगा. सुतक आलं का लगीन वर्षभर लांबते, अन् माह्या म्हाताऱ्या मायचं तोवर काई खरं नाई." म्हणून कृष्णरावांनी सांगून टाकलं होतं, पोरगा पुण्याला कंपनीत आहे. गावाला सगळं ठाऊक होतं, पण सोयरिकीत गाव तोंड शिवून घेतं. आणि मग त्या मंगळवारी, वासुदेवरावांची नजर कागदावर असताना, या माणसानं सही ठोकली: घरचं कोणीही परदेशात नाही.

"सोयरे समोर होते, म्हणून ‘कोणी नाई’ वर सही केली. म्हटलं, साक्षगंध उरकलं का संध्याकाळीच जाऊन नाव टाकून देऊ," कृष्णराव पुटपुटले. "चार दिवसानं काय होते..."

"काय होते?" निर्मलाबाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "सुतकाच्या भेवानं सही केली तुमी? जित्या पोराले नाई म्हटलं? तिकडं त्याच्या डोक्यावर बॉम्ब पडून राहिले, अन् तुमी इथं बुंदी पाडून राहिले! बाप हाय का कोण हाय तुमी?"

वासुदेवराव उठले. "विहीणबाई, शांत व्हा. आमाले माहीत असतं तर..."

"तर तुमी आलेच नसते! बसाचं असन तर बसा, नाई तर जा. लगनात नवरदेवाचा कान पिळाले भाऊ लागते ना? तो कुठून आणू मी, पुण्याहून?"

वासुदेवराव उभेच राहिले. त्यांना बसताही येईना, निघताही येईना.

गुंजन केव्हाच आत गेली होती. साक्षगंधाच्या नव्या साडीतच तिनं पेटी उपसली, भावाच्या पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि सरकारी मदत कक्षाला फोन लावून आईच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. पलीकडून एका पोरीचा आवाज आला, "मदत कक्ष, बोला." पोरगी भली होती. एकेक गोष्ट तिनं शांतपणे विचारली, दोनदा वाचून दाखवली. गुंजननं पासपोर्टचा नंबर सांगितला, काम चालू होतं त्या गावाचं नाव सांगितलं.

"पहाटे आणखी एक बस आहे, ताई. नाव मी आत्ता पाठवते, तिथले लोक त्यांना शोधायला निघतील. पण तुमच्या घरून तर कोणी नाही असं लिहून आलंय. खात्री करावी लागेल. मुलाच्या वडिलांचं नाव सांगा."

मघा उखाण्याला खिदळलेल्या बाया खाली बघायला लागल्या. कृष्णरावांनी हात पुढं केला.

"आण इकडं. मी सांगतो."

निर्मलाबाईनं फोन मागं ओढला. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता, तो तिनं वर घेतला नाही. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"कृष्णराव," ती म्हणाली. "कृष्णराव लिवा. सही त्याचीच हाय, घरचं कोणी नाई म्हणून. ते खोडा, अन् लिवा, हाय. माय सांगून राहिली."