कोसळलेल्या प्रोग्रामचा पत्ता

असोद्याच्या वजनकाट्यावर केळीचे ट्रक खोळंबले, कारण वजनाचा प्रोग्राम कोसळला होता. जळगावच्या ऑफिसात प्रेमराज सर सगळ्यांदेखत कडाडले, "अर्शी, कोड तुझा, तर पापही तुझंच! उद्यापासून येऊ नकोस."

अर्शीने दातओठ खात प्रोग्राम पडला त्या क्षणी टिपलेली मेमरीची नोंद उघडली. प्रोग्रामने वापरलेली एकेक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, मेमरीतल्या कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत बसली होती, ते ताडून पाहिलं. घात झाला ती जागा काट्यावरचं वजन वाचणाऱ्या लायब्ररीत निघाली, आणि ती लायब्ररी एकट्या प्रेमराज सरांनी लिहिलेली होती.

तिने स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. सरांनी सावकाश चष्मा पुसला.

"हे बघा पोरांनो, चूक कधीच कोणा एकाची नसते. आणि अर्शी, उद्या तू नसशील, म्हणून तेवढं आजच दुरुस्त करून जा."