नावानिशी

"ताई, माझं नाव काढून टाका. आईच्या जिवाला हे सोसायचं नाही," एवढं बोलून शेवटच्या साक्षीदाराने फोन ठेवला.

ताईने आपला फोन शेजारच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर आपटला. गाडी लाँड्रीची होती, आणि लाँड्री तिच्या थोरल्या भावाची. तिला गाडी चालवता येत नसे, म्हणून धंदा सांभाळून दादाच तिला साक्षीदारांच्या दारोदार फिरवायचा.

"हाही गळाला," ती म्हणाली. "उद्या मानवी हक्क आयोगासमोर एक तरी माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला नाही, तर तक्रार निकालात. केंद्र आपलं मजेत चालू!"

केंद्राच्या पाटीवर 'वर्तन सुधार' असं गोंडस नाव होतं. मुलगा मुलाच्या प्रेमात पडला, किंवा मुलगी म्हणून वाढवलेलं पोर स्वतःला मुलगा म्हणवू लागलं, की आईबाप त्याला तिथे नेऊन सोडायचे. आत दुधातून गुंगीचं औषध, दाराला बाहेरून कडी आणि विजेचे झटके. आजही आत पोरं होती. ताईने वर्षानुवर्षं हे सगळं ऐकून टिपून ठेवलं होतं. कपाट ओसंडून वाहत होतं आणि उपयोग शून्य. बिननावाच्या माणसाचं दुःख आयोगाला दिसतच नाही, त्याला ती काय करणार?

दादाने टपरीपाशी गाडी थांबवून दोन चहा मागवले. स्वतःसाठी नेहमीसारखा बिनदुधाचा.

"माझं डोकं कशाने फिरतं सांगू?" ताई म्हणाली. "शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना एकच विचारते. घरी कुणी सांगितलं? कुणाची शेजारीण, कुणाचे मास्तर, कुणाची सख्खी मावशी! या चुगलखोरांना उलटं टांगायला हवं. अहवालात नावानिशी छापायला हवं."

"मग छाप की."

"छापणारच आहे. फक्त लहान मुलांची नावं घालत नाही, तो माझाच नियम. पोरांना काय कळतं आपण काय बोलतोय ते?"

"बरा नियम आहे," दादा म्हणाला. मग हसला. "पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि लोक तुलाच येऊन गुपितं सांगतात. कमाल आहे, भोंग्या!"

"अजून तेच का रे?"

घरात लहानपणापासून तिचं नाव भोंगा. शाळेतलं, गल्लीतलं, जे दिसेल ते ती रात्री जेवताना बाबांना ऐकवायची. बाबांना तिचं भारी कौतुक. ती दुसरीत असताना त्यांनी काही कारण नसताना तिला लाल सायकल आणून दिली. नेमका त्याच वेळी दादा लांबच्या वसतिगृहात गेला. सायकल मागून धरायला कुणी नाही, म्हणून ती वर्षभर त्याच्यावर फुगून बसली होती. परत आला तेव्हा त्याच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. तिथलं जेवण मानवलं नाही, असं आई म्हणाली.

"तुझं बरंय," ताई आता त्याच्यावरच घसरली. "गाडीत बसून राहायचं. इतक्या वर्षांत एकदा तरी आत येऊन कुणाचं ऐकलंस?"

दादाने चहा संपवला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. केंद्राचा वकील निवांत पाय पसरून बसला होता. आयोगाच्या सदस्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साक्षीदार आहे का कुणी?"

ताईला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप. "नाही" म्हणायला ती उठली, तेवढ्यात दार उघडलं. हातावर कुणाचे तरी इस्त्रीचे शर्ट तसेच घेऊन दादा आत आला.

"मी आहे," तो म्हणाला. "घरी वसतिगृह म्हणून सांगितलं होतं. नेलं होतं या केंद्रात."

वकिलाने पाय आवरले. दादा बोलत राहिला, हिशेब द्यावा तसा सरळ. दूध. कडी. झटके. ज्याच्यामुळे त्याला तिथे नेलं, तो मित्र. ताईने हे सगळं कितीतरी तोंडांतून ऐकलं होतं. आज मात्र ती खाली मान घालून एकेक शब्द लिहून घेत होती.

सदस्यांनी तक्रारीला जोडलेल्या ताईच्याच प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न वाचला. "तुमच्या वडिलांना हे कुणी सांगितलं?"

"घरातलंच एक पोर होतं. दुसरीतलं. आम्हा दोघांना गच्चीवर पाहिलं आणि जेवताना सांगून टाकलं. बाबांनी बक्षीस म्हणून सायकल दिली त्याला."

ताईचं लिहिणं थांबलं.

"नाव काय त्याचं?"

दादाने हातावरचे शर्ट सारखे केले. तिच्याकडे पाहिलं नाही.

"लहान मुलांची नावं घालत नाहीत, साहेब."