घोड्याचे मागचे पाय

बर्फावरच्या शोमध्ये मी घोडा झालेय हे कळल्यावर हुदलीकर मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "पुढचे पाय की मागचे?"

"मागचे," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

याच मॅडमनी मला स्केटिंग शिकवलं, राष्ट्रीय पदकापर्यंत नेलं आणि एकदाही 'छान' म्हटलं नाही. आज मॉलमधल्या शोला त्या पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बसल्या होत्या, हे मला पडद्याआडून दिसलं.

मग कापडी घोड्यात शिरून मी वाकले आणि पुढचे पाय झालेल्या पावशेची कंबर धरली. पावशेला धड स्केटिंग येत नाही, पण तो मुद्दाम धडपडला की पोरं हसून लोळतात. आजही तो धडपडला, मला घेऊन आपटला आणि माझं डोकंच फिरलं. घोड्याचे दोन भाग जोडणारी मधली चेन ओढून मी सुटले. कमरेच्या वर मी, खाली घोडा, अशी सुसाट निघाले, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि एका पायावर अलगद उतरले.

अख्खा मॉल खो खो हसत टाळ्या पिटायला लागला. मॅनेजर ओरडला, "उद्यापासून रोज हेच!"

जीव ओतून मारलेल्या उडीलाही लोक हसलेच, म्हणून रडवेली होऊन मी मॅडमपुढे उभी राहिले.

"उतरलीस छान," त्या म्हणाल्या. माझा कानांवर विश्वास बसेना.

"पण तू थांबलीस तरी शेपटी फिरतच होती. उद्या सकाळी सहाला सरावाला ये. शेपटीसकट."