टिली सगळ्यात वर

शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना मुलांचे परीक्षेतले गुण कसे वाचायचे ते शिकवणं, हे ब्रॉनचं काम. ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलंडमधल्या एका शाळेत तिने स्टाफरूमच्या भिंतीवर मुलांच्या नावांची कार्डं लावली होती. ज्याचं वाचन चांगलं, त्याचं कार्ड वर. महिन्याने ती परत आली आणि भिंत बघून हरखलीच.

"केवढी पोरं वर सरकलीत! हे तुमच्या शिकवण्याचं फळ," म्हणत ती शिक्षकांपुढे पाऊण तास बोलली. एकटा म्हातारा शिक्षक मर्व्ह पुटपुटला, "ब्रॉन, माझ्या वर्गातली टिली अजून अक्षर अक्षर जुळवून वाचते गं. ती सगळ्यात वर कशी?"

"मर्व्ह, आपल्याला काय वाटतं ते घरी ठेवायचं. इथे फक्त भिंत बोलणार."

ब्रॉनने वहीत लिहिलं, 'मर्व्ह : पुरावा समोर असूनही दिसत नाही.'

सगळे गेल्यावर सफाईवाली नोलीन आत आली. "अगं ब्रॉन, सांगायचंच राहिलं. गेल्या आठवड्यात झाडताना धक्का लागला आणि तुझी सगळी कार्डं खाली आली. मी लावली हं परत."

"कशी लावलीस?"

"जी पोरं मला रोज हाक मारतात, ती वर. टिली तर माझी बादलीसुद्धा उचलते."

ब्रॉनने वही उघडली. मर्व्हचं नाव खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. बाकीचं वाक्य बरोबर होतं.