करिष्मासाठी प्रार्थना

"कुणाचा काही प्रार्थनेचा विषय?" छबुबाईंनी विचारलं, आणि सत्यशीलाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

कडा गावातल्या चर्चमागच्या गल्लीतली ही गुरुवारची बायकांची सभा. छबुबाईंच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर दहा-बारा जणी, दोन गाणी म्हणून झालेली. आतापर्यंतचे विषय नेहमीचेच होते. एकीचा गुडघा, एकीच्या नवऱ्याची दारू, एकीच्या पोराची बारावी. बायका "हो, प्रभू" म्हणत होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

"विषय माझा न्हाई," सत्यशीला म्हणाली. "आपल्या करिष्मासाठी हाय."

झालं! सगळ्या माना एकदम वळल्या. पेंगणाऱ्या म्हातारीनंसुद्धा डोळे उघडले. भिंतीला टेकलेल्या सुभद्राबाई तर ताठच बसल्या. का नाही बसणार? येत्या रविवारी त्यांच्या मुलाचा करिष्माशी साखरपुडा होता.

आणि मुलगा म्हणजे सोनं. आष्टीच्या दवाखान्यात कायम झालेला, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा. हा जावई मिळावा म्हणून सत्यशीलानं आपल्या लेकीसाठी, स्वप्नासाठी, देवाला किती साकडी घातली होती! स्थळ गेलं समोरच्या घरात. समोरच्या म्हणजे करिष्माच्या.

आता सत्यशीलाजवळ काय होतं, तेही ऐका. गेल्या आठवड्यात बीडच्या एसटी स्टँडसमोर करिष्मा एका पोराबरोबर उसाचा रस पिताना तिला दिसली होती. हसत होती. बस्स, एवढंच. पोरगा कोण, कुठला, देव जाणे. म्हटलं तर त्यात काहीच नव्हतं, आणि म्हटलं तर लई काही होतं. शिवाय खोटं बोलायची गरजच नव्हती. 'पोरगी भरकटू नये म्हणून प्रार्थना करा,' इतकं म्हणायचं आणि डोळे मिटायचे. पुढचं काम बायका डोळे उघडल्यावर करतातच.

"काय झालं करिष्माला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"तसं काई न्हाई..." सत्यशीलाचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "लेकराला जपाया पायजे म्हून म्हनते. मला लई वाईट वाटतं हो तिच्यासाठी."

आणि इथंच ती अडखळली. वाईट? कुठं वाईट वाटत होतं? त्या दिवशी बीडहून अख्खी वाट एसटीत उभ्यानं आली, तरी स्वारी खुशीत होती. तेव्हापासून रोज गुडघे टेकत होती, पण करिष्माचं नाव तिच्या तोंडी एकदाही आलं नव्हतं. एकटीनं एकदाही नाही, आणि चारचौघींत मागायला हात सगळ्यांच्या आधी वर! अरे लबाडा, तिनं मनात म्हटलं, ओळखलं मी तुला. सैतान यायचाच तर शिंगंबिंगं लावून येईल, असं तिला लहानपणापासून वाटायचं. हा मेला डोक्यावर पदर घेऊन आला होता, आणि तो पदर तिचाच होता.

"अगं बोल की," छबुबाई म्हणाल्या. "कावून थांबलीस?"

"विषय बदलते. माझ्यासाठी करा. माझ्या जिभेसाठी."

पुढ्यातलं ताट कुणी उचलून न्यावं, तशी बायकांची तोंडं झाली. छबुबाईंनी मात्र सत्यशीलाच्या जिभेसाठी अगदी मनापासून प्रार्थना केली, आणि लांबलचक केली. तो विषय त्यांच्या मनात बरेच दिवस असावा. आमेन झालं.

पण सुभद्राबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. चहा येईपर्यंत त्या सरकत सरकत सत्यशीलाला येऊन खेटल्या.

"खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "तू समोर राहतीस. कशी हाय पोरगी? तू नुसतं 'नको' म्हन, मी आजच मोडल्याचा निरोप धाडते. तुझी स्वप्ना बी माझ्या नजरेत हाय बरं."

कपबशा वाजत होत्या, कुणाचं इकडं लक्ष नव्हतं. आता तर प्रार्थनेचं सोंगही नको होतं. तोंडातून शब्द न काढता नुसता एक सुस्कारा सोडला असता तरी काम झालं असतं. लेकीचं उभं आयुष्य मार्गी लागलं असतं. कोणती आई सोडेल? सुस्कारा अगदी ओठापर्यंत आला. सत्यशीलानं तो गरम चहाच्या घोटाबरोबर गिळला. जीभ चांगलीच पोळली.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माझी सासू अंथरुनाला खिळली, तवा रोज येऊन तिचे केस विंचरायची. कुनी सांगितलं न्हवतं तिला. मला तिचं पक्कं ठाऊक हाय ते हे."

सुभद्राबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी सत्यशीलाचा हात हातात घेतला. "देवानंच बोलवलं तुझ्या तोंडून. आता मी निर्धास्त झाले बाई. रविवारी सगळ्यांच्या आधी तू ये."

"रविवार कावून?" सत्यशीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "उद्याच उरकून टाका. रविवारपर्यंत माझ्या जिभेचा काय भरवसा न्हाई."