फिकट अर्क

भीमराजनं बरणी टेबलावर ठेवली. काचेची, झाकणाखाली फॉइल. मुलीनं, क्षेमानं, शिकवलं होतं तशीच.

"घे, तुह्यासाठी नेरचा मेवा आणला."

तो नेरच्या सांडपाणी प्लांटवर ऑपरेटर होता. तिथला सुकलेला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचा की नाही, ते यवतमाळच्या या लॅबच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

क्षेमानं बरणीतला नमुना तोलून कागदी नळीत भरला, नळी काचेच्या उपकरणात सोडली, खाली हीटर लावला. द्रावक उकळून वर चढायचं, थंड होऊन नमुन्यातून झिरपायचं, पुन्हा चढायचं.

"चहा मांडला का वं?"

"विष काढून राह्यली, बाबा. फवारणीचं, कारखान्यांचं. पाण्यात विरघळत नाही ते गाळात बसते. मंग वावरात, मंग ढोरांच्या दुधात."

तो हसला. "जेवून घेजो," म्हणाला आणि बस गाठायला निघाला.

सकाळी फ्लास्कमधला अर्क फिकट पिवळा होता. सांडपाण्याच्या गाळाचा अर्क काळपट तपकिरी निघतो. बाबांना विचारावं म्हणून तिनं फोन हातात घेतला, तोच नेरहून फोन आला. भीमराज प्लांटवर काम करता करता कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुढचं मोजमाप सहकाऱ्यानं उरकलं. रिपोर्ट स्वच्छ आला.

भीमराजच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी प्लांटचा सुपरवायझर उत्तमसिंग मांडवात तिच्या शेजारी येऊन बसला.

"भीमराजभाऊ गेला, पण प्लांट वाचवून गेला," तो हळूच म्हणाला. "गाळ नापास झाला असता त प्लांट बंदच पडला असता. बरणीत नर्सरीतली माती भरली त्यानं. आमी म्हणलं, लॅबवाले पकडतीन. त म्हणे, 'पोरगी आपलीच हाय, सांभाळून घेते.' तू सांभाळलं, बेटा."

"मले माहीत होतं, असं वाटलं तुमाले?"

"नव्हतं का?"

समोर श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. भीमराजचा जुना दोस्त फकिरा माईकपाशी उभा होता. "असा सच्चा माणूस पुन्हा होणे नाही. त्याच्याच पोरीनं पास केलेलं खत उद्या माह्या वावरात पडते. ट्रॅक्टर सांगून ठेवला म्या."

माना हलल्या. मग माईक क्षेमाच्या हातात आला.

"फकिराकाका, ट्रॅक्टर लावू नका. मी तपासली ती नर्सरीतली माती होती. प्लांटचा गाळ कोणी तपासलाच नाही."

उत्तमसिंग उठून मांडवाबाहेर गेला. आईनं, पंचफुलानं, तिचा हात ओढला.

"बस न वं खाली. आज त बापाची लाज राख."

क्षेमा बसली नाही. ती बाबांच्या फोटोकडे वळली. माईक अजून तोंडापाशीच होता.

"बाबा, आजवर तुमाले कशालेच 'नाही' म्हणलं नाही मी. याले 'नाही' म्हणलं असतं. ते तुमाले माहीत होतं. म्हणून तुमी मले इचारलंच नाही."